‘क्लायंट वेंट बनानाज’चं मराठी काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या एका आयटी कंपनीत काम करणाऱ्या मुलीला तिच्या अमेरिकन मॅनेजरने चॅटवर लिहिलं, ‘द क्लायंट वेंट बनानाज’. दुसऱ्या दिवशी त्याचाच निरोप, ‘नेक्स्ट वीक इज गोइंग टु बी नट्स’. रात्री मालिका लावली तर तिथेही ‘शी इज नट्स’ आणि ‘ही इज अ टोटल फ्रूटकेक’. तिचं म्हणणं, अर्थ अंदाजाने कळतो, पण केळी, दाणे आणि केक यांचा वेडाशी संबंध काय? हे सगळे शब्द एकाच अर्थाचे का? आणि मी ऑफिसात वापरले तर चालतील का?

इंग्रजी मालिकांची मराठी सबटायटल्स करण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, त्यामुळे या शब्दांशी माझी रोजची झटापट. सुरुवातीलाच सांगतो, यातला खाद्यपदार्थ बोलणाऱ्याच्या डोक्यातसुद्धा नसतो. ‘नट्स’ म्हणताना अमेरिकन माणसाला काजू-बदाम दिसत नाहीत. ‘त्याने शेण खाल्लं’ म्हणताना आपल्याला तरी कुठे गोठा दिसतो? तेव्हा पदार्थाकडे बघू नका. त्याच्या शेजारी कोणतं क्रियापद बसलंय ते बघा आणि कोण कोणाला बोलतंय ते बघा. अर्थ तिथे आहे.

‘नट्स’चंच घेऊ, कारण सगळ्यांत जास्त राबणारा शब्द तोच. ‘ही इज नट्स’ म्हणजे तो येडा आहे, त्याचं डोकं ठिकाणावर नाही. ‘ही वेंट नट्स’ म्हणजे तो भडकला, बेभान झाला. पण ‘द क्राउड वेंट नट्स’ म्हणजे लोक चिडले असं नाही. पब्लिकने मैदान डोक्यावर घेतलं. ‘इट ड्राइव्ह्ज मी नट्स’ म्हणजे डोकं उठतं, वैताग येतो. ‘ही इज नट्स अबाउट हर’ म्हणजे तो तिच्यासाठी वेडा झालाय, आणि ‘क्रिकेट नट’ म्हणजे आपला क्रिकेटवेडा. वस्तूंच्या किमतींबद्दल ‘दॅट्स नट्स’ म्हटलं तर ‘भाव आहेत का काय!’ आणि कोणी विचारलं, ‘यातले दोन घेऊ का?’ आणि उत्तर आलं ‘गो नट्स!’, तर तिथे वेडाचा मागमूसही नाही. ‘घे की बिनधास्त, हवे तेवढे घे’ एवढंच.

म्हणजे तुमच्या मॅनेजरचं ‘नेक्स्ट वीक इज गोइंग टु बी नट्स’ हे कोणाच्या वेडाबद्दल नाही. पुढचा आठवडा नुसता धावपळीचा जाणार, श्वास घ्यायला फुरसत मिळणार नाही, असं तो सांगतोय. क्लायंटचं प्रकरण जरा नाजूक आहे. ‘वेंट बनानाज’ रागाने पण होतं आणि आनंदाने पण. डेमो फसला असेल तर क्लायंटने थयथयाट केला. डेमो जमला असेल तर तो खूश होऊन नाचायचाच बाकी राहिला. नुसत्या त्या एका ओळीवरून हे ठरत नाही. आधीचं वाक्य वाचा, तेही नसेल तर सरळ विचारा, ‘इन अ गुड वे?’ असा प्रश्न इंग्रजी बोलणारे आपापसांतही विचारतात, त्यात कमीपणा काही नाही.

मराठी करताना सगळ्यांत मोठा खड्डा ‘ड्राइव्ह’पाशी आहे. नवा माणूस ‘शी ड्राइव्ह्ज मी नट्स’चं ‘ती मला वेड लावते’ असं करून मोकळा होतो. शब्द सगळे बरोबर, वाक्य उलटं! मराठीत ‘वेड लावणं’ हे प्रेमाचं, मोहाचं काम आहे. आवाज वेड लावतो, डोळे वेड लावतात, पंढरीची वाट वेड लावते. मूळ वाक्यात मात्र बायको नवऱ्याच्या ओल्या टॉवेलवरून तिसऱ्यांदा ओरडलेली असते आणि तो मित्रापाशी रडगाणं गात असतो. तिथे ‘तिने डोकं उठवलंय’ किंवा ‘तिने डोक्याची मंडई केलीय’ हवं. उलट ‘नट्स अबाउट’ला ‘वेड लावलंय’ छान बसतं. इंग्रजीत एकच शब्द दोन टोकांना जातो, मराठीत त्या दोन टोकांना दोन वेगळी घरं आहेत. ‘खूळ’, ‘नाद’, ‘वेड’, ‘छंद’ यांच्यातही पायऱ्या आहेत. मासेमारीचा नाद असतो, नव्या मोबाइलचं खूळ असतं, गाण्याचं वेड असतं. ‘गाण्याचं खूळ’ म्हटलं की लगेच बोलणाऱ्याचं नाक मुरडलेलं दिसतं.

आता व्याकरणाची एक बारीक गोष्ट, जी शिकवताना सहसा सुटते. ‘नट्स’ आणि ‘बनानाज’ हे वेडाच्या अर्थाने वाक्याच्या शेवटी, क्रियापदानंतर येतात. ‘द मॅन इज नट्स’ चालतं. ‘अ नट्स मॅन’ कानाला खटकतं. नामाच्या आधी विशेषण हवं असेल तर ‘नटी’ किंवा सरळ ‘क्रेझी’. आणि अनेकवचनाचा तो ‘स’ खाऊ नका. ‘ही इज नट’ असं कोणी म्हणत नाही. ‘ही इज अ नट’ म्हणतात, तेव्हा तो शब्द नाम होऊन माणसावर शिक्का बसतो, नुसती अवस्था राहत नाही. बनानाजचं तर एकवचन केलं की अर्थच गेला. या ‘अ नट’ची आमच्या धंद्यात आणखी एक गंमत आहे. देवनागरीत लिहिलं की ‘तो नट आहे’, म्हणजे बिचारा रंगभूमीवरच गेला. आणि यंत्राकडून कच्चा मसुदा आला तर अधूनमधून ‘ती शेंगदाणे आहे’ असली रत्नंही हाती लागतात. शेंगदाणा वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने ‘नट’ नाहीच, तो शेंगेतला दाणा. म्हणजे तिथेही चूक.

कोण कोणाला बोलतंय, याकडे येतो. ‘आर यू नट्स?’ हे तीन शब्दांचं वाक्य. इंग्रजीत मित्राला, बहिणीला, आजोबांना तसंच्या तसं म्हणता येतं. मराठीत नाही. दोन मित्र असतील तर ‘येडा का खुळा रे तू?’ धाकटी बहीण थोरलीला म्हणत असेल तर ‘ताई, वेडबिड लागलंय का तुला?’ नातू आजोबांना म्हणत असेल तर वेडाचा शब्दच गळतो आणि ‘आजोबा, काहीतरीच काय!’ एवढंच उरतं. हे मवाळ केलेलं भाषांतर नव्हे. त्या नात्यात तो धक्का मराठी माणूस असाच बोलून दाखवतो. आई लेकीला म्हणत असेल तर ‘वेडाबाई’, आणि त्यात तर लाडच जास्त. माणूस कुठला, हेही बघावं लागतं. कोल्हापूरकडचं पात्र ‘खुळं हाय व्हय रं?’ म्हणेल, नागपूरकडचं ‘भैताड’ म्हणेल, मुंबईचं ‘चक्रम आहे का’ किंवा ‘सटकली का तुझी’ म्हणेल. न्यूयॉर्कच्या पात्राच्या तोंडी मी भैताड घालत नाही, पण मूळ पात्र टेक्ससच्या खेड्यातलं आणि बाकीचे शहरी असतील, तर ‘येडं’ आणि ‘वेडा’ यांतला फरक मात्र जरूर वापरतो. दोन ओळींत, प्रत्येकी चाळीसेक अक्षरांत सगळं बसवायचं असतं. एका ‘य’ने गाव दिसत असेल तर तो ‘य’ फुकट मिळालेला.

मूळ कुठून आलं? ‘नट’चा प्रवास समजण्यासारखा आहे. अठराव्या शतकाच्या शेवटी लंडनच्या बोलीत ‘टु बी नट्स अपॉन’ म्हणजे एखाद्या गोष्टीवर बेहद्द खूश असणं. खुमासदार खाणं म्हणजे सुख, तेवढाच धागा. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ‘नट’ म्हणजे डोकं असा अर्थ रूढ झाला. वर कठीण कवच, आत गर. मग ‘ऑफ हिज नट’, म्हणजे डोक्यावरून घसरलेला, आणि तिथून नुसतं ‘नट्स’. आवड आणि डोकं हे दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळले, म्हणूनच आज ‘नट्स’ आणि ‘नट्स अबाउट’ शेजारी शेजारी नांदतात. आपल्याकडेही टाळकं फिरतं, टकुरं सरकतं, डोकं सटकतं. डोकं जागचं हललं की वेड, ही कल्पना दोन्हीकडे सारखीच.

या शब्दाची सगळ्यांत गाजलेली गोष्ट मात्र वेडाची नाही, आणि भाषांतर करणाऱ्याने ती माहीत करून घ्यावीच. दुसऱ्या महायुद्धात, डिसेंबर १९४४ मध्ये, बेल्जियममधल्या बास्तोन गावात अमेरिकेची १०१वी एअरबोर्न डिव्हिजन जर्मनांच्या वेढ्यात सापडली होती. २२ डिसेंबरला पांढरं निशाण घेऊन जर्मन आले आणि त्यांनी लेखी निर्वाणीचा इशारा दिला: दोन तासांत शरण या. डिव्हिजनचे मुख्य सेनापती तेव्हा जागेवर नव्हते. ब्रिगेडियर जनरल अँथनी मॅकॉलिफ यांच्याकडे सूत्रं होती. त्यांनी कागदावर उत्तर पाठवलं, ‘जर्मन कमांडरला: नट्स! अमेरिकन कमांडर.’ बस्स. ते घेऊन कर्नल जोसेफ हार्पर गेले. जर्मन अधिकाऱ्यांना इंग्रजी येत होतं, पण हे त्यांच्या पलीकडचं होतं. त्यांनी विचारलं, हे उत्तर होकारार्थी आहे की नकारार्थी? हार्पर यांना शेवटी साध्या इंग्रजीत फोड करावी लागली, की याचा अर्थ ‘गो टु हेल’. २६ तारखेला वेढा फुटला. इथे ‘नट्स’ म्हणजे ‘तुम्ही वेडे आहात’ असं कोणी केलं तर गोष्ट संपली. इथे तो एक हुडूत आहे. मराठीत ‘गेलात उडत!’ हे मला सगळ्यांत जवळचं वाटतं: तितकंच छोटं, तितकंच उद्धट, आणि शिवी न देता शिवीचं काम करणारं.

‘बनानाज’ बराच तरुण. अमेरिकेत १९६० च्या दशकात, कॉलेजातल्या पोरांच्या तोंडून तो वर आला. ‘गो एप’, म्हणजे माकडासारखा बेभान होणं, हे त्याच्या आधीपासून होतं, त्यामुळे माकड आणि केळं अशी जोडी लोक लावतात. दुसरी एक कथा जास्त रंगवून सांगतात. १९६७ मध्ये कॅलिफोर्नियातून अशी हूल उठली की केळ्याची वाळवलेली साल ओढली की नशा चढते. हिप्पी पोरांनी साली वाळवल्या, सरकारी अन्न-औषध खात्याला तपासण्या कराव्या लागल्या, आणि निघालं काहीच नाही. या भानगडीतून ‘बनानाज’ आला, असं ठासून सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. काळ जुळतो, पुरावा जुळत नाही.

बाकीच्यांतला ‘बार्मी’ मला फार आवडतो, कारण यातलं खाणं-पिणं खरंखुरं आहे. ‘बार्म’ म्हणजे बिअर आंबताना वर येणारा फेस. डोक्यात फेस, तो बार्मी. हा शब्द इंग्लंडचा. अमेरिकन माणूस तो सहसा वापरत नाही. आपल्या क्रिकेटवाल्यांना ‘बार्मी आर्मी’ ठाऊक आहे, तेच ते इंग्लंडचे ढोलताशेवाले प्रेक्षक. १९९४-९५ च्या ॲशेस दौऱ्यात ऑस्ट्रेलियात हे नाव त्यांना चिकटलं. याउलट ‘क्रॅकर्स’मध्ये बिस्किटांचा काही संबंध नाही. तो ‘क्रॅक्ड’, म्हणजे तडकलेला. आपण ‘क्रॅक आहे तो’ म्हणतो, त्याचाच सख्खा भाऊ. ‘फ्रूटकेक’ ही कोटी आहे: केकात दाणे भरपूर, म्हणून ‘केकासारखा नटी’, मग नुसता ‘फ्रूटकेक’. ब्रिटनमध्ये डेव्हिड कॅमेरॉन हुजूर पक्षाचे नेते असताना, २००६ मध्ये, त्यांनी यूकिप या पक्षातल्या लोकांना रेडिओवर ‘फ्रूटकेक्स’ म्हटलं आणि ते शब्द पुढे वर्षानुवर्षं त्यांच्या मागे लागले. अमेरिकेत हाच शब्द समलैंगिक पुरुषांना हिणवायलाही वापरला गेलाय, तेव्हा तो ऐकून समजून घ्यावा, स्वतः वापरू नये. ‘वन सँडविच शॉर्ट ऑफ अ पिकनिक’ ऐकलंत तर मराठी हाताशी तयार आहे: चार आणे कमी.

खाण्याचा नसला तरी महाराष्ट्राने इंग्रजीला दिलेला एक शब्द इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. ब्रिटिश माणूस ‘ही हॅज गॉन डूलॅली’ म्हणतो, तेव्हा तो आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचं नाव घेत असतो. तिथे गोऱ्या सैनिकांची छावणी होती. नोकरीची मुदत संपलेले शिपाई मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत तिथे महिनोन्‌महिने पडून असायचे, जहाजं ठरावीक हंगामातच सुटायची, काम काही नाही, दारू आणि ऊन मात्र मुबलक. त्यातून ‘डूलॅली टॅप’ असा शब्द निघाला, आणि त्यातला ‘टॅप’ म्हणजे आपला ताप. देवळालीचा ताप! आज देवळालीला तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र आहे. तिथल्या किती जणांना आपल्या गावाच्या नावाचं इंग्रजीत काय झालंय हे माहीत असेल, कोण जाणे.

मराठीत खाण्यावरचे असे शब्द नाहीत का? आहेत की. डोक्यात कांदेबटाटे भरलेले असतात, कोणी अकलेचा कांदा असतो, मुंबईत येडा बनून पेढा खातात, हिंदीवरून आलेलं ‘डोक्याचं दही’ तर आता घराघरांत लागतं. पण इंग्रजीत पदार्थ दिसला म्हणून मराठीतही पदार्थच घालायचा हा हट्ट मी धरत नाही. अकलेचा कांदा वेडा नसतो, तो स्वतःला शहाणा समजणारा मूर्ख असतो. येडा बनून पेढा खाणारा तर पक्का शहाणा, वेडाचं सोंग घेऊन स्वतःचा फायदा करून घेणारा. इंग्रजीतल्या कुठल्याच ‘नट्स’शी त्याची गाठ पडत नाही. त्याचा जुना भाईबंद म्हणजे वेड पांघरून पेडगावला जाणारा, पण ती म्हण परदेशी पात्राच्या तोंडी घातली की श्रीगोंदा तालुका थेट मॅनहॅटनला पोचतो. ‘ठाण्याला पाठवा याला’चंही तेच. मंडई मात्र चालते, मंडई कुठल्याही गावात असते.

आता ऑफिस. मॅनेजर वापरतोय, कामाच्या गडबडीबद्दल वापरतोय, तर तुम्हीही परिस्थितीबद्दल वापरा. ‘द ट्रॅफिक वॉज नट्स’, ‘दिस डेडलाइन इज बनानाज’ यात कोणाला लागण्यासारखं काही नाही. माणसाबद्दल वापरायचं टाळा, आणि लेखी तर अजिबात नको. ‘यू आर नट्स’ समोरासमोर हसून म्हटलेलं वेगळं आणि ईमेलमध्ये छापलेलं वेगळं. दोन्हींत ‘बनानाज’ जास्त खेळकर. ‘नट्स’ला धार आहे, शिवाय पुरुषाच्या अवघड जागेलाही तोच शब्द आहे, त्यामुळे जोडीला ‘माय’, ‘हिज’ असलं काही लावताना जपून. आणि खरोखर मानसिक आजाराशी झगडणाऱ्या माणसाबद्दल यातला एकही शब्द नको, ‘नटकेस’ आणि ‘नटहाउस’ तर नकोच. कायद्याच्या भाषेनेही ती वाट सोडली आहे: आपल्याकडे १९१२ चा ‘लूनसी ॲक्ट’ होता, त्या जागी १९८७ चा आणि मग २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आला, अमेरिकेने २०१२ मध्ये आपल्या संघीय कायद्यांतून ‘लूनॅटिक’ हा शब्द काढून टाकला. मी सबटायटल करताना पात्र क्रूर असेल तर त्याच्या तोंडी ‘वेडी’ ठेवतो, कारण तो क्रूरच बोलतोय. पात्र डॉक्टर असेल तर ठेवत नाही.

तुमच्यापैकी जे इंग्लंडात आहेत त्यांच्यासाठी एक वेगळी सूचना. ‘कोकोनट’ हा डोक्यासाठीचा जुना विनोदी शब्द म्हणून पुस्तकांत सापडेल, पण तिथे तो सावळ्या माणसाला, ‘वरून तपकिरी, आतून गोरा’ अशा अर्थाने मारलेला टोमणा आहे आणि त्यावरून खटलेही उभे राहिलेत. एकवचनी ‘बनाना’ पूर्व आशियाई माणसाला तसाच लागतो.

शेवटी ज्या ठिकाणी वेड शोधू नये त्या जागा. ‘नट्स अँड बोल्ट्स’ म्हणजे कामाचे बारीकसारीक तपशील. ‘फ्रॉम सूप टु नट्स’ म्हणजे पहिल्यापासून शेवटपर्यंत, कारण जुन्या थाटाच्या जेवणात सुरुवात सूपने आणि शेवट सुक्या मेव्याने व्हायचा. ‘ही कान्ट बॅट फॉर नट्स’ हे ब्रिटिश, आणि जुन्या क्रिकेट समालोचकांच्या तोंडी आपल्याकडेही ऐकलेलं; त्याला बॅट धरता येत नाही, इतकंच. ‘टॉप बनाना’ म्हणजे मंडळींतला मुख्य माणूस. मूळ अमेरिकी विनोदी खेळांतल्या मुख्य विनोदी नटाला तसं म्हणत. तेव्हा मॅनेजरने कधी क्लायंटकडच्या कोणाला ‘टॉप बनाना’ म्हटलं, तर त्या माणसाचा ईमेल आधी उघडा.